कॅमेरा कुठे उभा होता?

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजन समितीनं मला फोन केला तेव्हा काम सोपं सांगितलं होतं. आपल्या दहावीच्या गॅदरिंगची जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आहे, ती संगणकावर उतरवून घेतली आहे, तू त्यातून पंधरा मिनिटांची फिल्म करून दे. मी का? तर 'तू सॉफ्टवेअरवाली, तुला जमेल.' आमच्या नातेवाइकांतही असंच आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला प्रिंटर दुरुस्त करता येतो, रेल्वेचं तिकीट काढता येतं आणि बारशाचा व्हिडिओही करता येतो. यातला व्हिडिओ मात्र मला खरंच थोडाफार येतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मी रजा काढून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा चित्रपट रसग्रहणाचा वर्ग केला, आणि तेव्हापासून कॅमेऱ्याचा नाद लागला. म्हणून आज फिल्म दाखवण्याआधी कॅमेऱ्याच्या चार मूळ गोष्टी सांगते. त्या सांगता सांगता एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी.

कॅमेऱ्याचा पहिला धडा मला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मिळाला नाही. तो इथेच, प्रयोगशाळेच्या त्या पत्र्याच्या खोलीत मिळाला. आपल्या विज्ञानाच्या सरांनी बुटाचा रिकामा खोका आणायला सांगितला होता. एका बाजूला टाचणीनं भोक, समोरच्या बाजूला तेल लावलेला पातळ कागद, आणि वरून काळं कापड. खिडकीकडे तोंड केलं आणि कागदावर मैदानातला झेंड्याचा खांब उलटा लटकलेला दिसला. तेव्हा आपल्यातल्या एका हुशार माणसानं (तो समोरच बसलाय) चित्र अंधूक दिसतं म्हणून भोक पेन्सिलीनं मोठं केलं. उजेड वाढला, पण खांबाचा भोपळा झाला. सर म्हणाले, 'उजेड हवा असेल तर स्पष्टपणा जातो, स्पष्टपणा हवा असेल तर उजेड जातो. दोन्ही हवं असेल तर भिंग लावावं लागतं.'

सर, तुमचं ते वाक्य म्हणजे निम्मं छायाचित्रणाचं शास्त्र आहे. भिंग लावलं की छिद्र मोठं ठेवूनही चित्र स्पष्ट मिळतं, पण एका अटीवर. ठरावीक अंतरावरचीच गोष्ट ठळक दिसते, तिच्या पुढचं-मागचं पुसट होतं. छिद्र जितकं मोठं, तितका हा ठळक पट्टा अरुंद. सिनेमात नायिकेचा चेहरा लख्ख आणि मागचे दिवे गोल गोल पाघळलेले दिसतात, ते यामुळे. म्हणजे छायालेखक दर वेळी ठरवत असतो की कोण ठळक दिसणार आणि कोण पुसट.

दुसरी गोष्ट वेळेची. सिनेमा हलत नाही. सेकंदाला २४ स्थिर चित्रं आपल्यासमोरून जातात आणि आपला मेंदू ती जोडून घेतो. दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चित्रं होतात. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढत असताना थोड्या थोड्या वेळानं त्याची एकेक चौकट टिपली. ती सलग दाखवल्यावर दाण्यातून रोप सरसर वर येताना दिसलं. अनेक दिवसांची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत! ती छोटी फिल्म बघून लोकांचा विश्वास बसला आणि मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहिलं. आपल्या देशाच्या सिनेमाची सुरुवात वाटाण्यापासून झाली, हे जीवशास्त्राच्या बाईंना आवडेल.

तिसरी गोष्ट चौकट. आपण म्हणतो, कॅमेऱ्यानं अमुक दाखवलं. खरं तर कॅमेरा दाखवण्यापेक्षा वगळण्याचं काम जास्त करतो. आत्ता या सभागृहात चारही बाजूंना काहीतरी चाललंय. कोणी जांभई देतंय, मागे चहाचे कप लागतायत. कॅमेरा लावला की यातला एक चौकोन उरतो, बाकीचं जग नसल्यासारखं होतं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं, कारण कॅमेऱ्यासमोर यायला बायका तयार नव्हत्या. पण बाई त्या सिनेमात नव्हती का? सरस्वतीबाई फाळके होत्या. फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात त्या होत्या आणि सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. पडद्यावर मात्र त्यातलं काही दिसत नाही.

चौकट ठरली की किती जवळ जायचं आणि किती उंचीवर थांबायचं, हे दोन प्रश्न येतात. लाँग शॉटमध्ये माणूस आणि त्याचा परिसर दोन्ही दिसतात. मिड शॉटमध्ये माणूस कमरेपासून वर दिसतो, म्हणजे आपण त्याच्याशी बोलायला उभे राहतो तेवढा. क्लोजअपमध्ये फक्त चेहरा. जवळ गेलं की भावना जास्त कळते असं आपल्याला वाटतं, पण नेहमी तसं नसतं. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आठवा. छायाचित्रण मृणाल देसाईचं. न्यायालयाच्या प्रसंगांत कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर असतो. कोणाच्या डोळ्यांतलं पाणी टिपायला पुढे धावत नाही. आपण मागच्या बाकावर बसून तारखा पडताना बघत राहतो, आणि त्यातूनच त्या माणसाची कोंडी अंगावर येते.

उंचीचंही तसंच. खालून वर बघितलं की माणूस मोठा, वरून खाली बघितलं की लहान. जपानचा दिग्दर्शक ओझू कॅमेरा नेहमी खाली ठेवायचा, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास. त्याचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहताना मला आमचं जुनं घर आठवलं. पाटावर बसलेली आजी, तिच्या समोर सतरंजीवर बसलेली मी. त्या घरात सगळं जग त्याच उंचीवरून दिसायचं.

आता आपली कॅसेट बघा. आपला व्हिडिओवाला मंडपाच्या मधोमध टेबलावर चढून उभा होता. त्यामुळे दोन तास दहा मिनिटं आपण सगळे वरून दिसतो, आणि सगळ्यांचे भांग फार सुरेख दिसतात. शिवाय लांबचं बघायला तो जागेवरून झूम करायचा. झूम करणं आणि चालत जवळ जाणं यात फरक आहे. झूम केलं की चित्र फक्त मोठं होतं. चालत गेलं की पुढचं आणि मागचं यांचं नातं बदलतं, कारण आपण स्वतः हललेलो असतो. मोबाइलवर सेल्फीत नाक मोठं येतं, ते नाकाचा दोष नाही. हात फक्त दोन फूट लांब आहे, हा दोष. चार पावलं मागे जा आणि मग झूम करा, नाक जागेवर येतं.

अजून एक सांगते. हा नियम आपल्या कबड्डीच्या मैदानावर लगेच कळतो. मैदानाच्या एका बाजूला कॅमेरा आहे. आपला संघ डावीकडे, पाहुणा संघ उजवीकडे. आता मध्येच पलीकडच्या बाजूनं एक शॉट घेतला, तर आपला गडी उलट दिशेनं धावताना दिसेल आणि प्रेक्षकाला वाटेल, हा आपल्याच अंगणात चढाई करतोय! म्हणून दोन माणसं बोलत असली तरी त्यांच्यामध्ये एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. पण ही रेघ मुद्दाम मोडता येते, आणि प्रेक्षक म्हणून सुरक्षित बसलेल्या आपल्याला आत ओढताही येतं. नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) पाहिलेल्यांना शेवट आठवत असेल. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे पळतंय आणि गाव मजा बघतंय. आपणही बघतच असतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड थेट आपल्या दिशेनं येतो आणि पडदा काळा होतो. मजा बघणाऱ्यांत आपणही आहोत, हे एकही शब्द न उच्चारता कळतं.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रकाश. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' सुरू केला तेव्हा त्यांचा छायालेखक सुब्रत मित्र विशीत नुकताच आलेला होता आणि त्यानं त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. पुढच्या 'अपराजितो'च्या (१९५६) वेळी काशीतल्या घराचा चौक स्टुडिओत उभारावा लागला. चौकात आभाळातून झिरपणारा मऊ उजेड असतो, आणि स्टुडिओतले दिवे थेट मारले तर भिंतीवर चार-चार सावल्या पडतात. मित्रनं वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचे झोत त्यावर मारून तिथून परतलेला उजेड खाली घेतला. 'कागज के फूल'मध्ये (१९५९) व्ही. के. मूर्तींनी वरून तिरका येणारा प्रकाशाचा तो प्रसिद्ध झोत आणला, तो बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी स्टुडिओत वळवून. कापड आणि आरसे! दोन्ही घरात असणाऱ्या वस्तू. पुढे २००८ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार मूर्तींना मिळाला. छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही. निदान तेव्हाच्या कॅमेऱ्याला तरी कळत नव्हता. तो समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मधल्या राखाडी रंगाला आणून बसवतो. चौकटीत पांढरं जास्त असेल तर त्याला वाटतं, फार उजेड आहे, आणि तो छिद्र बारीक करतो. मग पांढऱ्या पडद्याजवळ सावळ्या रंगाचं माणूस उभं असेल, तर त्याचा चेहरा काळा ठिक्कर होतो. यात त्या माणसाच्या रंगाचा दोष नाही. कॅमेऱ्याला 'या चेहऱ्याकडे बघ' असं सांगणारं कोणी नसतं, एवढंच. आम्ही ऑफिसात याला 'डिफॉल्ट' म्हणतो. कोणी काही ठरवलं नाही तर जे आपोआप होतं ते. डिफॉल्टबद्दल वीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. तोही कोणीतरी, कधीतरी, कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला असतो. त्यात जो बसत नाही, तो अंधारात जातो, आणि कोणावरच ठपका येत नाही.

हे मला आपल्या कॅसेटनं दाखवलं. समूहगीत चालू आहे. विंगेतला पांढरा पडदा आणि त्यावर व्हिडिओवाल्याचा हॅलोजन. पडद्याच्या कडेला दोरी धरून एक मुलगी उभी आहे. अकरा सेकंद. चेहरा पूर्ण काळा, फक्त रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या दिसतात. ही कोण, म्हणून मी तो भाग उजळवायचा प्रयत्न केला. नुसते दाणे दाणे आले. त्या अंधारात कॅमेऱ्यानं काही नोंदवलंच नव्हतं, तर सॉफ्टवेअर काढणार कुठून? मग मी हिशेब केला. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात. पूर्ण कॅसेटमध्ये १,९५,००० चित्रं आहेत. त्यात ती २७५ चित्रांत आहे, आणि त्या २७५ मध्येही तिला चेहरा नाही.

वेण्यांवरून मला ती ओळखू आली. ती आपल्या वर्गात होती. तिचं नाव मी घेणार नाही, कारण तिनंच नको म्हणून सांगितलंय. 'नाव घेतलंस तर सगळ्या जणी मला फोन करत बसतील, आणि मला कामं आहेत,' असं म्हणाली.

आता कबुली. आपला दहावीचा ग्रुप फोटो सगळ्यांकडे आहे. खुर्च्यांवर गुरुजन, मागे आम्ही मुली, त्यामागे बाकांवर उभी मुलं. तो मी खूप वर्षांनी काढून नीट पाहिला, मोठा करून. ती त्यात नाही. आणि ती त्यात का नाही, हे मला तेव्हा आठवलं. मी वर्गाची मॉनिटर होते. बाकावर चपला घालून चढायचं नाही, म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या होत्या, दप्तरं कडेला टाकली होती. तिचा स्कर्ट विटलेला होता, बहिणीचा असावा. फोटोवाले काका म्हणाले, 'पुढची ओळ एकसारखी दिसू द्या.' मी इकडेतिकडे बघितलं आणि तिला म्हणाले, 'तू जरा चपला आणि दप्तरं बघ गं. एक फोटो झाला की तुला घेऊ.' रोल महाग होता. दुसरा फोटो निघालाच नाही. मी विसरून गेले, तीस वर्षं विसरले.

सरांनी शिकवलंय, प्रकाश सरळ रेषेत जातो. त्या सकाळी ऊन डावीकडून होतं. तुमच्याकडचा फोटो आज घरी गेल्यावर बघा. डाव्या कोपऱ्यात, दप्तरांच्या ढिगाजवळ जमिनीवर एक सावली आत आली आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वर बांधलेल्या वेण्या आहेत तिला. आपण सगळ्यांनी तो फोटो तीस वर्षं भिंतीवर लावला.

मी तिचा नंबर मिळवला आणि फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग मी हे सांगितलं आणि माफी मागितली. ती हसली. म्हणाली, 'आठवतंय की मला. माझी चप्पल तुटलेली होती, म्हटलं बरं झालं, फोटोत आली नाही. आणि फोटो घ्यायचे पैसे पण वाचले.' मला जरा हलकं वाटलं. मग थोड्या वेळानं, दुसरंच काही बोलताना म्हणाली, 'माझी पोरगी मागे म्हणाली, आई, तू खरंच दहावी झालीस का गं? मग तुझा एक पण फोटो कसा नाही शाळेतला? सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा गप बसली.'

त्यावर मला काही बोलता आलं नाही. तांत्रिक उपाय सुचतात मला, ती माझी सवय आहे. आजकाल दुसऱ्या फोटोतला चेहरा त्या जागी बसवून देता येतो. मी म्हटलंही तसं. ती म्हणाली, 'नको. खोटा फोटो नको. आहे तो राहू दे.' मग विचारलं, हे मी मेळाव्यात सांगू का? 'सांग,' म्हणाली, 'नाव सोडून.' आज येईन म्हणाली होती, पण कामावरून सुट्टी मिळाली नाही.

आता तुम्ही जी पंधरा मिनिटांची फिल्म बघणार आहात, त्यात ती अकरा सेकंद मी पूर्ण ठेवली आहेत. चित्र उजळलेलं नाही. तसं अंधारंच आहे. समूहगीत संपून पडदा पडतो, तो का पडतो हे मात्र आता कळेल. दोरी तिच्या हातात होती.

भाषण इथं संपवते, पण कॅमेऱ्याची बाई म्हणून दुपारच्या ग्रुप फोटोची सूत्रं मी समितीकडून मागून घेतली आहेत, त्यामुळे चार सूचना. चार वाजता मैदानावर या. ऊन तिरकं असेल, ते डोळ्यांत जाणार नाही आणि पाठीमागेही येणार नाही असे आपण उभे राहू. कॅमेरा लांब ठेवू, म्हणजे कडेची माणसं ताणलेली दिसणार नाहीत. उंची मधल्या ओळीच्या नजरेइतकी ठेवू. भांग नकोत, चेहरे हवेत. उजेड चेहऱ्यांवरून मोजू, पांढऱ्या शर्टांवरून नाही. एकाऐवजी पाच फोटो काढू, आता रोल महाग नाही. फोटो काढणारा माणूस पुढच्या फोटोत आत येईल आणि आतला एक बाहेर जाईल. शिपाईमामा, स्वयंपाकघरातल्या मावश्या, मांडववाला, सगळ्यांना बोलवा. फोटोखाली ओळीनं सगळ्यांची नावं लिहू. आणि जे आज आले नाहीत त्यांचीही लिहू, त्यात तिचं नाव असेल. इतर नावांमध्ये असलं तर चालेल, असं ती म्हणाली आहे. पुढच्या महिन्यात मी आणि आपल्यातल्या आणखी दोघी तिच्या गावी जाणार आहोत. तिथं तिच्या मुलीलाच मोबाइल देऊन फोटो काढायला सांगणार आहे.

आणि हो, बाकावर कोणी चढायचं नाही, आता आपली वजनंही तशी राहिली नाहीत. त्यामुळे कोणी चपला काढायच्या नाहीत, आणि कोणाला चपला सांभाळायला सांगायचंही नाही. सगळ्यांनी चपला घालूनच फोटो काढू.